चमच्याने खाणाऱ्याचं मत

पुलावाचा थाळा चहाखान्याच्या लाकडी तख्तावर, तिघांच्या मधे आला तेव्हा सोतवोल्दीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

"अंडी उबवतोयस की काय?" तुर्गुन म्हणाला. "काप की मांस. आपल्या हाताने गार करायचं आणि वर चहाखान्याचे मार्क कापायचे, हे काही बरं नव्हे."

मांस कापून वाटायचं ते वयाने मोठ्याने, आणि तिघांत मोठा सोतवोल्दी. चाळीस वर्षं मार्गिलान गावात रेशमाच्या धाग्यांना, रंगात बुडवायच्या आधी, नक्षीच्या गाठी मारत आलेला माणूस. त्याच्या हातचे तुकडे मोजून कापल्यासारखे एकसारखे पडायचे. आज त्याने सुरी तुर्गुनकडे सरकवली.

"तूच काप. माझी बोटं आखडलीत जरा."

तुर्गुनने कापलं. वेडंवाकडं कापलं, त्यात नवल नाही. जन्मभर बस चालवली त्याने.

तिसरा गायरत. हा गणिताचा मास्तर. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी मार्क द्यायची खोड गेली नव्हती. दर गुरुवारी दुपारी एकेका चहाखान्यात जायचं, पुलाव खायचा आणि दहापैकी मार्क द्यायचे, ही कल्पना त्याची आणि नियमही त्याचेच. थाळा तिघांत एक. खायचं हाताने. चमच्याने खाणाऱ्याचं मत धरायचं नाही, कारण भात आधी बोटांना कळतो, मग जिभेला. सख्ख्या मेहुण्याच्या चहाखान्याला त्याने चार दिले होते, तेव्हा बायकोने महिनाभर अबोला धरला होता.

आज सांगून टाकायचं, असं सोतवोल्दी घरून ठरवूनच निघाला होता. हातांचा कंप आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मागचे तीन गुरुवार त्याने पोट बिघडल्याचं सांगून चार शितं चिवडली आणि अंदाजाने मार्क दिले. पोट तरी किती दिवस बिघडणार? 'तुम्ही दोघं जात जा, मला आता ऊन सोसत नाही,' एवढं वाक्य त्याने वाटेत घोकलं होतं. पण आठवड्यात त्याला वार म्हणावा असा हा एकच. बाकीचे सहा नुसते येऊन जायचे. जीभ रेटेना.

निदान एक घास तरी, म्हणून त्याने उजवा हात बाहेर काढला. भात चिमटीत धरला, उचलला. हात वाटेतच डुगडुगला आणि सगळा भात खाली अंथरलेल्या दस्तरखानावर सांडला. गाजराचा एक तुकडा तुर्गुनच्या चहाच्या वाटीत जाऊन पडला. तुर्गुनने तो बोटाने काढला, खाल्ला आणि उगाच दुसरीकडे बघायला लागला. त्या बघण्याने सोतवोल्दीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने वाढप्याला हाक मारली.

"एक चमचा आण बाबा."

चमचा आला.

"परत ने," गायरत म्हणाला.

"अरे गायरत, जाऊ दे ना," तुर्गुन पुटपुटला.

"परत ने म्हणतो ना. नियम म्हणजे नियम."

चमचा गेला. संपलं, सोतवोल्दीच्या मनात आलं. माझ्यासाठी नियम मोडा असं तो काही म्हणणार नव्हता. पण इतक्या चटकन संपेल असं वाटलं नव्हतं त्याला. घसा खाकरून त्याने सुरुवात केली, "गायरत, मला आता ऊन..."

गायरतने बाही वर सारली. थाळ्याच्या कडेचा भात ओढला, त्यात मांसाचा तुकडा आणि लसणीची मऊ पाकळी दाबली, चार बोटांनी घट्ट घास केला आणि सोतवोल्दीच्या तोंडाशी नेला.

"आ कर."

"लोक बघतायत."

"बघू देत. पाहुण्याला घास भरवत नाहीत का आपल्यात?"

"मी कुठला पाहुणा? आणि भरवायचं ते मोठ्याने लहानाला. मी मोठा आहे तुझ्यापेक्षा."

"चार महिन्यांनी. आ कर लवकर, हात अवघडला माझा."

सोतवोल्दीने तोंड उघडलं. तूपकट भात, गोडसर गाजर, लसूण. तीन आठवड्यांनी तोंडभर घास. त्याचे डोळे डबडबले. या खडूस मास्तराबद्दल त्याला इतकी माया दाटून आली की चावायचंच राहून गेलं.

"मलाही दे," म्हणत तुर्गुन जबडा वासून बसला. "लग्नातसुद्धा मला कुणी भरवलं नव्हतं."

"तुझं तोंड बघून धीर झाला नसेल," गायरत म्हणाला, पण दिला. मग एक सोतवोल्दीला, एक तुर्गुनला, एक स्वतःला, असा थाळा अर्ध्याच्या खाली गेला.

"बोल," गायरत सोतवोल्दीला म्हणाला. "किती?"

"सात. मांस झकास आहे, पण मीठ कमी."

"मी नऊ देणार होतो."

"मग जीभ गेली तुझी."

"सात तर सात." गायरतने बोटं पुसली. "आणि ऐक. मागचे तीन गुरुवार तू न खाताच मार्क दिलेस. मला काय कळत नाही? ते धरता यायचे नाहीत. ती तिन्ही ठिकाणं पुन्हा खावी लागतील."

"तिन्ही?"

"तिन्ही. आणि पुढच्या वेळी माझ्या उजव्या हाताला बस. डावीकडे मान वळत नाही माझी."

सोतवोल्दी पुढच्या वेळेपर्यंत थांबला नाही. तख्ताच्या कठड्याला धरून उठला, तुर्गुनला वळसा घालून गायरतच्या उजव्या हाताला जाऊन बसला.

"अजून एक दे," तो म्हणाला. "मिठाचं पक्कं करून घेतो."