पन्नास सांधे

"काका, तुमचा वेगाचा आकडा पाच किलोमीटर इकडेतिकडे झाला तर चालेल," संपादक म्हणाला. "त्याच्या वर गेलं की सदर बंद. मग माझ्यावर डोळे वटारायचे नाहीत."

"वटारायला तू दिसायला तर हवास," बाबा म्हणाले.

पेट्रोल पंपाच्या कडेला दोन स्पोर्ट्‌स कार उभ्या होत्या, एक लाल, एक पिवळी. दोन्ही दोनच सीटच्या. एकतीस वर्षं बाबा मासिकात अशा गाड्यांची तुलना लिहीत होते. दोन वर्षांपूर्वी नजर गेली, तेव्हापासून गाडी मुलगी चालवायची आणि ते शेजारी बसून पारखायचे. पण वाचकांची पत्रं यायला लागली होती: ज्यांना दिसत नाही ते वेग कसा सांगतात? म्हणून आज संपादकाने दोन्ही गाड्यांच्या डिकीत वेग नोंदवणारं एकेक यंत्र ठेवलं होतं आणि डिकीच्या किल्ल्या स्वतःच्या खिशात टाकल्या होत्या.

मुलीने लाल गाडीत बाबांचा पट्टा ओढून बघितला. पुन्हा एकदा ओढला.

"बाळाला बांधतेस तसं मला बांधू नकोस."

"बाळ बरं. ते बोलत नाही."

बाबांनी स्टॉपवॉच काढलं. त्याला काच नव्हती. कडेने दर सेकंदाला एक बारीक खाच पाडून घेतलेली होती. काटा थांबला की ते बोटाने चाचपून वाचायचे.

रविवारची सकाळ, हमरस्ता जवळजवळ रिकामा. वेगाची मर्यादा संपल्याची पाटी मागे पडली तशी तिने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. पुढे नदीवरचा पूल, तीन किलोमीटर सरळ. पुलाला दर चाळीस मीटरवर लोखंडी सांधा. पन्नास सांधे म्हणजे दोन किलोमीटर.

टक्. बाबांचा अंगठा दबला. टक्, टक्, टक्. ओठ हलत होते, आवाज नव्हता. इंजिन कानात ओरडत होतं आणि बाबा देवासमोर बसावं तसे बसले होते.

अंगठा पुन्हा दबला. बोट खाचांवरून फिरलं. "छत्तीस सेकंद. म्हणजे दोनशे."

पूलभर मीटरचा काटा दोनशे पंधरावर होता. पण गाडीत आकडा सांगायचा नाही, हा बाबांचा दंडक होता.

पिवळी गाडी घेऊन आले तेव्हा पुलाच्या तोंडाशीच एक टँकर ओलांडायच्या लेनमध्ये आला. तिने पाय उचलला.

"सोडली ना? छान केलंस," बाबा म्हणाले. "पुन्हा येऊ. पूल कुठे पळून जातोय?"

दुसऱ्या खेपेला रस्ता मोकळा मिळाला. बोट खाचांवरून फिरलं, एका खाचेपाशी थबकलं, मागे जाऊन पुन्हा आलं.

"पस्तीस. दोनशे सहाला जरासे कमी."

काटा दोनशे आठवर होता. म्हणजे ही जमली. पण पहिली पंधराने चुकली. पंपाच्या अलीकडे तिने गाडी कडेला घेतली.

"बाबा, पहिलीत दोनशे पंधरा होते."

"कोण म्हणतं?"

"काटा."

"काटा कंपनीने बसवलाय. पुलाला थोडीच गाडी विकायचीय?"

"बाकीच्या सगळ्या मासिकांनी पहिलीच वेगवान म्हटलीय. बदला ना आकडा. अजून कुणाला सांगितलेला नाही तुम्ही."

बाबांनी स्टॉपवॉच मुठीत मिटलं. मग म्हणाले, "तुला पन्नासच्या जागी किती ऐकू आले?"

"मी कुठे मोजत होते?"

"मी मोजत होतो."

तिने गाडी सुरू केली.

संपादक वही उघडून उभाच होता. "बोला काका. आधी तुम्ही, मग यंत्र."

"पहिली दोनशे. दुसरी दोनशे सहा. दुसरी पुढे."

संपादकाने मुलीकडे बघितलं. ती खाली बघत होती. त्याने हळूहळू लिहून घेतलं, जणू लिहितानाच काका आकडा फिरवतील. मग डिकी उघडून यंत्र काढलं आणि मोठ्याने वाचायला लागला.

"पुलावरचा सरासरी वेग. पहिली... एकशे नव्व्याण्णव पूर्णांक आठ."

मुलीने मान वर केली.

त्याने दुसरं यंत्र काढलं. बघितलं. शर्टाला पुसून पुन्हा बघितलं. "दोनशे पाच पूर्णांक सात."

"जरासे कमी म्हणालो होतो," बाबा म्हणाले.

मुलीने अशी आरोळी ठोकली की पंपावरचा माणूस पेट्रोलचा पाइप हातात धरून बघतच राहिला. तिने बाबांना मिठी मारली, सोडली, परत मारली. बाबांची टोपी खाली पडली ती संपादकाने उचलली, झटकली आणि स्वतःच त्यांच्या डोक्यावर नीट बसवली.

"पुढच्या महिन्यात तीन गाड्या आहेत, काका. आज आधी छापखान्यात फोन करतो. मुखपृष्ठावर पहिलीचा फोटो गेलाय."

"एवढी चांगली दिसते?"

"लालभडक. बघत राहावं अशी."

"लाल?" बाबांनी हात पुढे करून हवेत चाचपडत त्या गाडीचा टप शोधला, सापडल्यावर त्यावरून सावकाश तळवा फिरवला. "मग दिसली नाही तेच बरं झालं. मी तिलाच जिंकवलं असतं."