बेंटलीचं गिऱ्हाईक

"बेंटली माणसाने निवडायची नसते. बेंटली माणसाला निवडते," गॅरेजच्या दारात उभे राहून हॉरेस प्लमट्री म्हणाले आणि या वाक्याचा योग्य तो परिणाम व्हावा म्हणून क्षणभर थांबले. ते स्वतः सायकलवरून आले होते. सायकल कोपऱ्यावरच्या चर्चच्या कुंपणामागे, यजमानांना दिसणार नाही अशा बेताने, लावून ठेवली होती.

समोर १९५६ सालची गाडी होती. गडद हिरवी, आणि एवढी लांब की शेपूट मागच्या भिंतीला आणि नाक दाराच्या उंबऱ्याला. तिचे मालक एडविन गॅस्कॉइन हातात फडकं घेऊन, जिथे पुसण्यासारखं काही नव्हतं तिथे पुसत होते.

प्लमट्रींना गाडी घ्यायची नव्हती. लडलो गावातल्या एका दुकानात चाळीस वर्षं पायमोजे विकून निवृत्त झालेल्या माणसाला ती परवडणारही नव्हती. पण जाहिरात वाचून गाडी बघायला जाणं, चामड्याच्या गादीवर बसणं, मालकाशी तासभर गप्पा आणि वर चहा, याला काही पैसे पडत नाहीत. सहा वर्षांत त्यांनी अशा एक्केचाळीस गाड्या पाहिल्या होत्या. निसटायची युक्तीही ठरलेली. निम्मी किंमत सांगायची. मालकाला अपमान वाटतो, पण सभ्य माणूस तसं बोलून दाखवत नाही. तो हवेबद्दल दोन शब्द बोलतो आणि फाटकापर्यंत पोचवतो.

चार वाजले. प्लमट्रींनी घसा साफ केला.

"अठरा हजार पौंड म्हणालात ना? मी नऊ देईन."

गॅस्कॉइन यांचे कान लाल व्हायला लागले. सगळं अगदी रीतसर चाललं होतं.

"दिली!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला. पाठोपाठ हात पुसत गॅस्कॉइनबाई अंगणात आल्या.

"विनी, अगं निम्मी!"

"मग? वर जाताना उरावर घेऊन जाणार आहेस का? वय बघ आपलं. नऊ तर नऊ. प्लमट्रीसाहेब, चहात साखर किती?"

प्लमट्रींच्या तळपायांना घाम फुटला. ते या पायावरून त्या पायावर झाले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. दोन्हीकडून काही मदत आली नाही.

"पण टायर बदलावे लागतील," ते घाईघाईने म्हणाले. "मग सातच."

"सात."

"आणि खरं सांगायचं तर हिरवा रंग मला फारसा..."

"रंगाचे हजार कमी करा. सहा. सुटलो बाई एकदाचे! एडविन, हात मिळव."

आता मात्र धडगत नव्हती. त्या भागात एकदा हात मिळवला की व्यवहार झाला. मागे फिरणाऱ्याला पुढे कोणी साधं दारातही उभं करत नाही. प्लमट्रींनी हात खिशातून असा काढला, जणू तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे. गॅस्कॉइन यांचाही हात गार आणि ओला होता.

"गुरुवारी पैसे घेऊन येतो," आपलंच तोंड बोलताना प्लमट्रींना ऐकू आलं.

गॅस्कॉइन नुसते मान हलवून गाडीत जाऊन बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

बाई फाटकापर्यंत सोडायला आल्या. तेवढ्या वीस पावलांत प्लमट्रींनी गाव सोडून जाण्याचा, आजारी पडण्याचा आणि मरण्याचाही विचार करून पाहिला. शेवटी ते थांबले.

"बाई, मला एक सांगायचंय..."

"पैसे नाहीत. ठाऊक आहे."

"तुम्हाला कसं...?"

"खरं गिऱ्हाईक कोट काढून आधी गाडीखाली शिरतं. तुम्ही गादीवर बसलात आणि डोळे मिटलेत. या वर्षातले तुम्ही सातवे."

"मग 'दिली' का म्हणालात?"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. गॅरेजच्या बाजूने नळाचा आवाज येत होता.

"ऐका. एडविन बादली भरतोय. एरवी ही गाडी चादरीखाली असते. धूळ बसेल, चिखल उडेल, ऊन लागेल. बारा वर्षांत मला तिच्यातून साधं बाजारालाही नेलं नव्हतं. पण विकली गेली की याला राहवत नाही. म्हणतो, विनी, एक शेवटची फेरी मारू. मार्चमध्ये आम्ही शेवटचा समुद्र पाहिला. मे महिन्यात शेवटचं वेल्स. जूनमध्ये शेवटचा समुद्र पुन्हा एकदा पाहिला. मग गिऱ्हाईक काही येत नाही, आणि स्वारी आंघोळ करताना आठवडाभर गात असते."

"आणि कोणी खरंच पैसे घेऊन आलं तर?"

"आला होता मेला एकजण. मी दारातच सांगितलं, कालच गेली."

प्लमट्रींची छाती हळूहळू पुन्हा फुगली. आपल्या सहा वर्षांच्या कामाचा कोणाला तरी उपयोग होतो, हे त्यांना आजच कळत होतं. त्यांनी टोपी काढली. राज्यावर पाणी सोडणाऱ्या माणसाच्या आवाजात ते म्हणाले, "बाई, मन घट्ट करावं लागेल. पण तुमच्यासाठी मी ही गाडी सोडतो. गुरुवारी येत नाही."

"मुळीच येऊ नका," गॅस्कॉइनबाई गालावर हात दाबत म्हणाल्या. "पण तेवढं गुरुवारचं शनिवार करता का? शुक्रवारी मला हिच्यातूनच दाढ काढायला जायचंय."