तेवढी जागा

“मशीन ठणठणीत आहे, काका,” झाकण लावत मेकॅनिक म्हणाला. “आवाज भरून झाल्यावर सीडी कायमची बंद करावी लागते, ती केलेली नाही. म्हणून ती फक्त या मशीनवर वाजते, तुमच्या लेकीच्या प्लेअरवर नाही. देऊ करून?”

अच्युतरावांनी मान डोलावली. जुन्या बाजारातून आणलेल्या या सीडी रेकॉर्डरवर बायकोने नातीसाठी पाच गोष्टी भरल्या आणि अंथरूण धरलं. “बाकीच्या बरी झाल्यावर सांगते. तेवढी जागा ठेवा,” म्हणाली होती.

मेकॅनिक बटणापाशी थांबला. “अर्धी रिकामी आहे हां. एकदा बंद केली की पुढे काही भरता येणार नाही.”

अच्युतरावांनी त्याचा हात धरला. तिला जाऊन आठ महिने झाले, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं?

“राहू दे,” ते म्हणाले. “मशीनच घेऊन जातो लेकीकडे.”