चिंचेनं घासलेला रुपया

बाळांनो, कल्पना करा, निजामाच्या काळातला चांदीचा रुपया तुमच्या तळहातावर आहे. वाशीच्या शिवकन्येला तसा एक तिच्या आजीनं जाताना दिला होता. आजीची तेवढीच आठवण उरली होती.

नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या दोन संस्थांकडं तिच्या मल्हारमामानं तो एकामागून एक तपासायला पाठवला. पहिलीनं भरभरून गुण दिले. दुसरी भलतीच कडक. तिनं रुपया सीलबंद डबीत परत धाडला, वर शेरा: 'वर्षानुवर्षं घासलेलं नाणं. गुण देता येत नाहीत.'

शिवकन्येचा चेहरा पडला. "मामा, आजीचा रुपया नापास झाला व्हय?"

"दर लक्ष्मीपूजनाला चिंच लावून घासायची की तुझी आजी! घासल्यानं नाण्याचं मोल जातं, आमी लई सांगितलं, पण ऐकंल ती कसली? पहिल्यांच्या ध्यानातच आलं न्हाय ते."

शिवकन्या डबीकडं बघत राहिली. "म्हंजी ह्या दुसऱ्यांना आजीचा हात दिसला."

मामानं डबी तिच्या हातात ठेवली.

शिवकन्येनं त्या कडक माणसांना मनोमन हात जोडले. दिवाळी आली, तशी तिनं डबी फोडून रुपया बाहेर काढला आणि वाटीत चिंच भिजत घातली.