भर रस्त्यातली चटई

सालानिएताने चटई महोत्सवाच्या मंचावर अंथरलीच नाही. भर रस्त्यात अंथरली, बँकेच्या दारासमोर, जिथून बँडचा ट्रक जायचा होता तिथेच. लोकांच्या डोक्यावर उभं राहून देवाचं नाव घ्यायची तिच्या गावात रीत नव्हती. तोरिका आणि वासेमादा तिच्या दोन्ही अंगांना पाय दुमडून बसल्या. तिघींची वयं मिळून सव्वादोनशे.

तारो सुरू झाला. धर्माचे सवालजवाब ते. एकीने सुरावर विचारायचं, दोघींनी सुरावर उत्तर द्यायचं; आधी पापाचे सवाल, शेवटी क्षमेचे. पुऱ्या तारोला पंचवीस मिनिटं लागतात. महोत्सवाच्या पत्रकात त्यांना दिली होती चार. गेल्या वर्षीही चारच होती, आणि पाचव्या मिनिटाला कुणीतरी माईक बंद करून लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. त्या टाळ्या सालानिएता वर्षभर विसरली नव्हती. यंदा शेवटच्या उत्तरापर्यंत जाणार, मग काय व्हायचं ते होवो, असं ती चर्चमध्ये सर्वांदेखत सांगून आली होती. माईक तिने मागितलाच नाही. जो नाहीच, तो बंद कसा करणार?

आठव्या मिनिटाला इनोके आला. महोत्सव समितीचा माणूस, आणि तिच्या सख्ख्या भावाचा मुलगा. गळ्यात बिल्ला, हातात पत्रक. मागे ट्रकवर राजधानीतून, सुवाहून आलेला बँड गिटारी जुळवत होता, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. इनोके तावातावाने निघाला खरा, पण चटईच्या काठाशी अडला. बसलेल्या वडीलधाऱ्यांशी उभ्याने बोलायचं कसं? चपला काढून वाकत वाकत तो पुढे आला आणि बसला. आत्या, वेळ संपली, मोठे पाहुणे बघताहेत, माझी लाज जाईल, असं हळूच पुटपुटला. आत्या गात राहिली. आणि तारो चालू असताना चटईवरून उठून जाणं म्हणजे तर त्याहून मोठी लाज. तो बसूनच राहिला.

मग समितीच्या अध्यक्षीणबाई आल्या. त्याही बसल्या. बँडचा ढोलवाला काय अडलंय ते बघायला उतरला. त्याची आई तोरिकाच्याच गावची, तोही बसला. चटई भरली.

"समजवायला गेलेला एकही परत येईना," बाजाराच्या पायरीवरून कसावाचे कंद विकणारी एक बाई म्हणाली, आणि हसत हसत स्वतःच्या गाळ्यातली चटई घेऊन खाली आली. तिच्यामागून बाकीच्या आल्या. रस्त्याची रुंदी संपली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

शेवटी हवालदार आपाकुकी आला. टोपी काखेत घेऊन, बूट बाहेर ठेवून, जागा करत करत सालानिएतासमोर येऊन बसला. त्याच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला: बायका उठल्या का?

दोन सवालांच्या मधली श्वासाची फट त्याने पकडली आणि आजीला हाक मारावी तसं विचारलं. "बुबू, अजून किती राहिलंय?"

सालानिएताने त्याच्याकडे नीट पाहिलं. नातवाच्या वयाचा होता.

"पाप आत्ता कुठे संपतंय, बाळा. गेल्या वर्षी त्याच्या मधोमध तोडलं तुम्ही. वर्षभर सगळं शहर तिथेच बसवून ठेवलंत."

एवढं बोलून तिने पुढचा सवाल उचलला. या वेळी उत्तर द्यायला नुसत्या दोघी नव्हत्या, अख्खा बाजार होता.

आपाकुकीने वायरलेस तोंडाशी धरला आणि आवाज उतरवला.

"साहेब, ट्रक मागच्या रस्त्याने वळवा. इथे अजून क्षमा व्हायचीय."