थैलीतली शेवंती

"जा ना, सांगा त्या मॅडमला," कांताबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या. "ते झाड आपलं आहे म्हणून. चोरीचं आहे म्हणून."

शंकरराव पोहे खात होते. वर शेव दाबून टाकून घेतली होती. "खाऊ तर दे," ते म्हणाले.

शेवंतीच्या प्रदर्शनाच्या हॉलभर लांब टेबलं, टेबलांवर कुंड्या. शेवटच्या टेबलावर मात्र दोनच. एक शंकररावांची, परदेशीपुऱ्यातल्या गच्चीवरची. दुसरी चिंतामणजींची, विजय नगरच्या बंगल्यातली. दोन्हीत एकच उंच दांडी, आणि दांडीच्या टोकाला कागदाची थैली, तोंड सुतळीने बांधलेलं. 'नवा रंग' या गटाचा कायदाच तसा. कळी हिरवी असतानाच थैली चढवायची, ती सोडायची जजसमोर. जो रंग कोणी पाहिलेला नाही तो ज्याच्या थैलीतून पहिला निघेल, त्याने फुलाचं नाव ठेवायचं. मग ते फूल कोणाच्याही अंगणात जाओ, नाव तेच.

कांताबाई काही गप्प बसेनात. "मागच्या साली आपल्या पिवळ्या झाडाच्या एका फांदीला काळं फूल आलं. तुम्हीच मोठ्या हौसेने बोलावून दाखवलं त्या चिंतामणजींना. मी चहा दिला, वरून जलेबी दिली. आणि ते गेले तर बुडाशी फुटलेलं पिल्लू गायब! मातीत बोटाचं भोक तेवढं राहिलं."

"एवढं मोठं," शंकररावांनी अंगठा दाखवला. "माहीत आहे मला."

"मग? फॉर्म त्यांनी आधी भरलाय. थैली त्यांची आधी सुटणार. काळं निघालं की नाव त्यांचं. तुम्ही बसा पोहे खात!"

"कांता, शेवंती कोण लावतं? तू की मी?"

तेवढ्यात चिंतामणजी आलेच. प्रदर्शनाचे सेक्रेटरी. इस्त्रीचा कुडता, खिशाला पेन. सहा साल कप दुसरीकडे गेलेला नाही, तो रुबाब चालण्यात होता.

"काय शंकरराव, तुम्ही पण नव्या रंगात? क्या बात है भिया! मला वाटलं तुम्ही आपले पिवळ्यातच खूश."

"पिवळं काही वाईट नसतं, चिंतामणजी."

"आज माझं फूल बघून घाबरू नका फक्त. इंदूरने असं पाहिलेलं नाही."

"घाबरायचं वय गेलं माझं," शंकरराव म्हणाले आणि हात पुसले.

भोपाळहून आलेल्या जज शिखा मॅडम टेबलाशी उभ्या राहिल्या. लोक गोळा झाले. चिंतामणजींनी सुतळी सोडली, थैली अशी काही वर उचलली, जशी काय नव्या नवरीची ओढणीच.

आत पिवळं फूल होतं.

मोठं, भरलेलं, पाकळी न् पाकळी आत वळलेली. पण पिवळं.

"सेक्रेटरीसाहेब," मागून कोणीतरी बोललं, "हा रंग तर आमच्या आजीच्या वेणीत पण होता!"

हॉल हसला. चिंतामणजींनी थैलीत डोकावून बघितलं. काळा रंग आतच राहिला असावा, असं.

मग शंकररावांनी आपली थैली काढली. घाई नाही, काही नाही.

काळं. पिकल्या जांभळाच्या सालीसारखं. शिखा मॅडमनी कुंडी खिडकीकडे वळवली तेव्हा पाकळ्यांच्या मुळाशी जरा लाल चमकलं, बस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आता कोणी हसत नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?" कांताबाईंनी नवऱ्याला कोपर मारलं.

"रंग फांदीला आला होता ग," शंकरराव हळू बोलले, पण इतकंही हळू नाही. "बुडाला नाही. बूड आपलं जुनंच, पिवळं. मी ती फांदी कापून लावली. लोक सवयीने बुडाचं पिल्लूच उचलतात. त्याला पिवळंच येणार, दुसरं काय येईल?"

चिंतामणजींचे कान लाल झाले.

शंकरराव त्यांच्या कुंडीपाशी गेले. खाली वाकून पिवळं फूल चहूबाजूंनी बघितलं, दांडी बघितली, पान उलटून बघितलं. माणूस खरंच खूश झाला होता.

"पण वाढवलंत जबरदस्त, चिंतामणजी. मानलं. या झाडाने माझ्याकडे एवढं फूल कधी दिलं नाही."

'माझ्याकडे' हा शब्द हॉलमध्ये कोणाच्या ध्यानात आला नाही. ज्याच्या यायचा त्याच्या आला.

"नाव काय ठेवणार, शंकररावजी?" शिखा मॅडमनी विचारलं.

कार्ड लिहायचं काम सेक्रेटरीचं. चिंतामणजींनी खिशातलं पेन काढलं, खुर्चीवर बसून कोरं कार्ड समोर घेतलं.

"काय लिहू?"

"परदेशीपुरा."

"अहो, असं कुठे फुलाचं नाव असतं?" कांताबाई म्हणाल्या.

"जिथे जन्मलं तिथलं असतं."

चिंतामणजींनी लिहिलं. अक्षर छान आलं. पेनाला टोपण लावून ते उठायला लागले, तर शंकररावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा, बसा. खाली एक ओळ अजून लिहा, भिया. फांदी मागितली की मिळते."