बाहेरची वाट

"तुमच्या बाणांच्या नादी लागलो आणि चहा निवायच्या आत परत आलो," पाठीवर पिशवी लादलेली एक पाहुणी हसत म्हणाली. "तळं राहिलं बाजूला. पहिल्या फाट्यावर बाण, पुढच्या फाट्यावर बाण, आणि वळून बघते तर समोर तुमचंच फाटक!"

घरची सून हसली नाही. नव्या पायवाटेची ही चाचणी होती. दुपारी वाट आखणाऱ्या समितीचा तपासनीस यायचा होता. तो हो म्हणाला की रविवारी वाट खुली. आणि त्या भरवशावर तिने धुलाईच्या दुकानातली नोकरी सोडून घराच्या पुढच्या दोन्ही खोल्यांत पाहुण्यांसाठी गाद्या घातल्या होत्या. गाद्या तयार, पाहुणे तयार, वाट तेवढी उलटी.

ती मागच्या दारी गेली. सासरे खुर्चीत बसून नखांतला पांढरा रंग काढत होते. बाणांचं काम त्यांना द्या म्हणून समितीपुढे तिनेच शब्द टाकला होता. खाण चालू होती तोवर आतल्या भिंतींवर बाण काढणं हीच त्यांची नोकरी. वस्ती अजूनही त्यांना बाणवाले आबा म्हणत असे.

"आबा, बाण कुठल्या दिशेने काढलेत?"

"बाहेरच्या. बाणाला दुसरी दिशा असते का?"

"अहो, लोकांना आत जायचंय, तळ्याकडे!"

"आत जायला बाण कशाला हवा? आत माणूस आपल्या पायाने जातो. अडतं ते बाहेर पडताना."

खाणीचा नियम तोच होता. दिवा विझला, धूळ उठली, की बाण धरायचा आणि निघायचं. तो नियम हातात इतका मुरला होता, की उघड्या आभाळाखालीसुद्धा ब्रश दुसरीकडे वळला नव्हता. सुनेला एकदम रडू आलं आणि तितकाच रागही. तिने दोन डबे उचलले, एकात दगडी करडा रंग, एकात पांढरा, आणि ती टेकडी चढू लागली.

टेकडी म्हणजे खाणीतून उपसलेला ढिगारा. गवत उगवल्यावर समितीने त्याला टेकडी केलं, आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्याला तळं. सून प्रत्येक बाणापाशी गुडघे टेकायची, टोक करड्या रंगाने पुसायची आणि शेपटाकडे नवं टोक काढायची. आबा मागून धापा टाकत येत होते. पण जीभ काही दमली नव्हती.

"वाकडं झालं."

"होऊ दे."

"बाण आहे की भेंडी?"

"तुम्ही सरळ काढले असते तर मला भेंड्या काढाव्या लागल्या नसत्या."

दोघं माथ्यावर पोचली. इथे खाणीचं मोठं तोंड होतं, आता त्यावर काँक्रीटचं झाकण. या तोंडातून तिचा नवरा, आबांचा मुलगा, शेवटच्या पाळीला उतरला होता. वर आला तो माणसांची ने-आण करणारा पिंजरा, नुसता रिकामा. झाकणाच्या कडेला खडकावर एक बाण होता: इथून निघालेला, खाली फाटकाकडे, घराकडे.

सून डबे घेऊन उभीच राहिली. तेवढ्यात तळ्याच्या बाजूने तपासनीस आला. तरुण, टापटीप, गळ्यात शिट्टी.

"वा, काकू! तिकडचेही उलटेच आहेत, पण तुम्ही सुरुवात केलीय म्हणजे होऊन जातील," तो म्हणाला. "हाही फिरवून टाका. सरळ या झाकणावरून नेऊ लोकांना. जागा छान आहे. बसून डबे खातील."

"खातील की," आबा म्हणाले. "गार लागेल बुडाला."

तपासनीस हसला. मग सुनेचा चेहरा पाहून थांबला, पण कशासाठी थांबलो ते त्याला उमगलं नाही.

"हा एक राहू दिला तर?" सुनेने विचारलं.

"एक कसा राहील? धुकं पडलं तर माणूस नेमका त्याच्याच मागे जाईल. मला सही करता येणार नाही. संध्याकाळी परत चक्कर मारतो. तोवर झाला तर ठीक, नाहीतर रविवार विसरा."

तो बुटांनी गवत तुडवत उतरून गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं. तेच जास्त टोचत होतं.

आबांनी बाणाकडे पाठ केली आणि ते दगडावर बसले. "फिरव," ते म्हणाले. "तू नोकरी सोडलीयस. घर चालायला पाहिजे. मी बघत नाही."

सून खाली बसली. करड्या रंगात ब्रश बुडवून तिने तो बाणाच्या टोकाजवळ नेला. मग तिला शेपूट दिसलं. ते झाकणाच्या कडेशी सुरू होत नव्हतं. खडक आणि काँक्रीट यांच्यामध्ये बोटभर फट होती, आणि ब्रश जाईल तिथवर, हात खरचटेल तिथवर, आबांनी पांढरा रंग आत, खाली खाणीकडे, नेला होता. तिने फटीत बोट घातलं. रंग बोटाला लागत राहिला, बोट पुरेना.

खाली, दूरवर, पाहुण्या हसत होत्या. कुणीतरी तिच्या नावाने हाक मारत होतं, जेवण कधी म्हणून.

तिने करड्या रंगाच्या डब्यावर झाकण दाबून बसवलं. पांढरा डबा जवळ ओढला. आत, फटीत, जिथे रंग विरळ झाला होता तिथे ती हळूहळू ब्रश फिरवत राहिली.

"झाला का फिरवून?" आबांनी पाठमोरं राहूनच विचारलं.

"रंग वाळू द्या आधी," ती म्हणाली.